अळणी आधी काढावे : एका पातेल्यातून सगळ्या घराची ताटे

कोल्हापुरातल्या घरात मटण शिजते तेव्हा एक काम कोणी न सांगता होते. हळद, मीठ आणि आले-लसूण लावलेले मटण शिजले, की चटणीचा डबा उघडण्यापूर्वी त्यातले दोन-तीन पळ्या पाणी वाटीत काढून बाजूला ठेवले जाते. हे अळणी. नाव अळणी असले तरी त्यात मीठ असते, नसते ते तिखट. ते लहान मुलांचे, बाळंतिणीचे, तापातून उठलेल्या माणसाचे. मग उरलेल्या पाण्यातले काही पांढऱ्या रश्श्याला जाते, काही तांबड्याला, आणि फोडी सुक्क्याला. पातेले एक, पदार्थ चार, आणि कोणासाठी वेगळी चूल पेटत नाही. ही रीत आपण रविवारी पाळतो आणि सोमवारी विसरतो. रोजच्या आमटी-भाजीलाही ती लावता येते, आणि ती कशी लावावी हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे.

आमच्या घरात पाच माणसे आहेत. सासूबाई बहात्तर वर्षांच्या असून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. यजमानांना चार वर्षांपासून शुगर आहे. मुलगा सोळा वर्षांचा, पेठेतल्या संघाबरोबर फुटबॉलच्या सरावाला जाणारा आणि परत आल्यावर समोर दिसेल ते संपवणारा. मुलगी आठ वर्षांची, तिखटाचे नाव काढले की ताट सरकवणारी. माझे स्वतःचे हिमोग्लोबिन दोन वर्षांपूर्वी साडेनऊवर आले होते. त्या वेळी मी निश्चयाने तीन प्रकारचा स्वयंपाक सुरू केला : बिनमिठाचा एक, बिनतिखटाचा एक आणि नेहमीचा एक. तो एकोणीस दिवस टिकला. विसाव्या दिवशी रात्री साडेदहाला मोरीत अकरा भांडी मोजली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी बाहेरून मिसळ मागवली. त्यानंतर मी वेगळा स्वयंपाक करणे सोडले, आणि वेगळा स्वयंपाक कुठल्याही घरात टिकत नाही, असे माझे मत झाले आहे. टिकते ती वाटणी.

एक गोष्ट आरंभीच सांगायला हवी. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्यांचे इन्सुलिन चालू आहे किंवा घरात गरोदर स्त्री आहे, त्यांनी ताटातले प्रमाण डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठही परस्पर सुरू करू नये, कारण त्यात काही सोडियमऐवजी पोटॅशियम असते आणि मूत्रपिंड नीट काम करत नसेल किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे चालू असतील तर ते धोक्याचे ठरू शकते.

आधी पंधरा दिवस फक्त मोजावे

पहिल्या पंधरवड्यात स्वयंपाकात काहीही बदलू नये. मिठाचा नवा पुडा फोडताना त्यावर पेनाने तारीख लिहावी, तेलाच्या डब्यावर लिहावी, साखरेच्या आणि गुळाच्या डब्यावरही लिहावी. एवढ्या चार तारखांतून घराचे खरे चित्र समोर येते, कारण ‘आमच्याकडे तेल कमीच लागते’ हे वाक्य प्रत्येक घरात बोलले जाते आणि डबा मात्र वीस तारखेला खडखडतो.

तुलनेसाठी आकडे हवेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटाचा जो नमुना त्यात दिला आहे, त्यात २५० ग्रॅम तृणधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये किंवा त्यांच्या जागी अंडी-मांस, ३५ ग्रॅम दाणे व तेलबिया, ३०० मिलिलीटर दूध किंवा दही आणि २७ ग्रॅम तेल-तूप येते. मिठाची मर्यादा दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा.

हे आकडे माणशी रोजचे असल्यामुळे मनात ठसत नाहीत. ते घराच्या महिन्यावर आणले की लगेच कळतात. पाच माणसांना महिन्याला ७५० ग्रॅम मीठ पुरायला हवे, आणि त्यातच लोणचे, पापड, फरसाण, पाव यांचेही मीठ धरायचे आहे. तेल-तूप मिळून सुमारे चार किलो, म्हणजे तेलाच्या मापात साडेचार लिटरच्या आत. आमच्या घरी मिठाचे जवळजवळ दोन पुडे आणि तेल सात लिटर जात होते, आणि हे सगळे ‘आम्ही बाहेरचे खात नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या घरात चालले होते. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला किंवा मैदानावर दोन तास धावणाऱ्या मुलाला २,००० किलोकॅलरी पुरत नाहीत हे खरे. पण त्याला जास्त लागते ते धान्य, कडधान्य आणि दूध. मीठ त्याच्या वाट्याला वाढवून द्यावे असे काही नाही.

चटणीचा डबा

कोल्हापुरात ‘चटणी’ म्हटले की कांदा-लसूण घालून डंकावर, म्हणजे मसाला कुटण्याच्या यंत्रावर, कुटून आणलेली वर्षाची चटणी, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. एप्रिल-मे महिन्यांत डंकापुढे डबे घेऊन बसलेल्या बायकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या डब्याचे घरातले वजन ठाऊक आहे. मीठ कमी करायला निघालेली गृहिणी मिठाच्या बरणीकडे बघते, पण आपल्याकडचे निम्मे कोडे या चटणीत असते.

आमच्या घरच्या प्रमाणात एक किलो मिरचीला पाव किलो खडे मीठ पडत असे. धने, खोबरे, तीळ, कांदा, लसूण, गरम मसाला सगळे धरून चटणी भरते सुमारे अडीच किलो, म्हणजे डब्यातला दहावा हिस्सा मीठच. आमटीत चार चमचे चटणी घातली की त्याबरोबर दोन ग्रॅम मीठ आधीच गेलेले असते, आणि वरून आपण हाताच्या सवयीने पुन्हा चमचाभर घालतो.

हे लक्षात आल्यावर मी पुढच्या वर्षी उत्साहाने बिनमिठाची चटणी कुटून आणली. श्रावणात डबा उघडला तर कडेने पांढरी बुरशी. कांदा-लसणाचा ओलावा त्या मिठानेच धरून ठेवलेला असतो, हे सासूबाईंनी मला तोवर तीनदा सांगितले होते. ती सगळी चटणी टाकून द्यावी लागली आणि त्या वर्षी आमच्या घरात मी चटणीविषयी फारसे बोलले नाही.

आता जे करते ते दोन टप्प्यांत होते. मे महिन्यात डंकावर फक्त कोरडा मसाला कुटून आणावा : उन्हात कडक वाळवलेली मिरची, भाजलेले धने, तीळ, खसखस आणि गरम मसाला. त्यात मीठ, कांदा, लसूण, खोबरे काहीही घालू नये. मिरचीत तीन भाग ब्याडगी रंगासाठी आणि एक भाग संकेश्वरी किंवा लवंगी तिखटपणासाठी घेतली, तर रंग कोल्हापुरी राहतो आणि पोटाला झोंबत नाही. हा मसाला कोरड्या बरणीत घट्ट झाकणाखाली वर्षभर नीट राहतो. मग दर आठ-दहा दिवसांनी त्यातला १०० ग्रॅम काढावा. दोन मोठे कांदे पातळ उभे चिरून दोन मोठे चमचे तेलात पूर्ण तांबूस आणि कोरडे होईपर्यंत परतावेत, त्यातच पंधरा-वीस लसूण पाकळ्या ठेचून परताव्यात, दोन मोठे चमचे सुके खोबरे वेगळे भाजावे, सगळे गार झाल्यावर पाण्याचा थेंब न लावता मसाल्याबरोबर वाटावे आणि काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवावे. चमचा नेहमी कोरडा वापरावा. खोबरे वर्षभर डब्यात राहून खवट होते, तोही त्रास यात राहत नाही. वीस मिनिटांचे काम आहे, आणि यानंतर घरातले मीठ फक्त मिठाच्या बरणीतून जाते, त्यामुळे ते मोजता येते.

वाटणी नेमकी कोठे करावी

पदार्थाचे दोन भाग मनात वेगळे करावेत. कांदा, लसूण, आले, हळद, धने-जिरे, टोमॅटो, कोथिंबीर, ओले खोबरे हे सगळ्यांना चालते, म्हणून ते पातेल्यात सगळ्यांसाठी एकत्र पडावे. मीठ, चटणी, गूळ आणि वरचे तेल हे चार पदार्थ माणसागणिक बदलतात, म्हणून ते वाटणीनंतर पडावेत. आपल्या हाताला सवय असते फोडणीतच चटणी टाकायची आणि डाळ शिजतानाच मीठ घालायची. ही सवय मोडणे हाच या पद्धतीतला सर्वांत अवघड भाग आहे, बाकी सगळे सोपे आहे.

अख्ख्या मसुराचे उदाहरण घेते, कारण तो आमच्याकडे आठवड्यातून एकदा होतोच. पाच जणांना २०० ग्रॅम मसूर घ्यावा आणि तीन-चार तास भिजवावा. धुऊन साडेतीन वाट्या पाणी, पाव चमचा हळद आणि दोन थेंब तेल घालून कुकरला लावावा. एक शिट्टी मोठ्या आचेवर आणि दोन मंद आचेवर पुरतात. दाणा बोटाने दाबला तर चिरडला पाहिजे, पण त्याचे पीठ होता कामा नये. मीठ अजून नाही.

कढईत चार लहान चमचे तेल तापवून जिरे घालावे आणि दोन मोठे कांदे बारीक चिरून परतायला टाकावेत. या कांद्याला बारा ते पंधरा मिनिटे द्यावीत. तो तळाला धरू लागला की आपला हात तेलाच्या किटलीकडे जातो. त्याऐवजी दोन चमचे पाणी शिंपडून उलथण्याने तळ खरवडून घ्यावा. तळाला लागलेला तांबूस थर पाण्यात सुटतो आणि कांद्यात मुरतो. असे तीन वेळा केले की कांदा गुळासारख्या रंगावर येतो, आणि कमी मिठाच्या आमटीला जी खोली हवी असते ती याच कांद्यातून येते. घाईने पांढरट राहिलेला कांदा असेल तर कमी मिठाचे जेवण पथ्यासारखेच लागणार, त्याला इलाज नाही. मग आले-लसणाचे वाटण, दोन टोमॅटो, दोन चमचे धने-जिरे पूड घालून तेल कडेने सुटेपर्यंत परतावे, मसूर त्यातल्या पाण्यासकट ओतावा आणि पाच मिनिटे उकळू द्यावा.

येथे गॅस बारीक करावा आणि डिचकी, म्हणजे लहान पातेले, हातात घ्यावी. क्रम असा ठेवावा की ज्याला सर्वांत कमी लागते त्याचे सर्वांत आधी निघावे. पहिली पळी मुलीची : चिमूटभर मीठ, अर्धा चमचा तूप, आणि डावाच्या पाठीने थोडे घोटलेले. दुसरी सासूबाईंची : अर्धी चिमूट मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ताजी कुटलेली मिरी, भरपूर कोथिंबीर आणि वाढताना लिंबू. उरलेल्या तिघांच्या कढईत अर्धा चमचा मीठ आणि दोन चमचे चटणी घालून चार मिनिटे उकळावे. मुलाला वर तवंग लागतो, त्याशिवाय त्याला कालवण कालवण वाटत नाही. त्यासाठी लोखंडी पळीत एक चमचा तेल तापवावे, पळी गॅसवरून खाली उतरवावी, मग अर्धा चमचा चटणी त्यात सोडावी आणि तो कट फक्त त्याच्या वाटीवर ओतावा. पळी गॅसवर असताना चटणी टाकली तर ती जळते आणि सगळ्या घराला ठसका लागतो. एका चमच्याच्या तेलात त्याचे समाधान होते; हाच तवंग सगळ्या कढईवर आणायचा तर पाऊण वाटी तेल लागते.

वाटणीला एकूण सहा-सात मिनिटे जातात आणि एक डिचकी व एक पळी जास्तीची पडते. पळीबद्दल सावध राहावे. तांबड्या कढईतली पळी चुकून डिचकीत गेली की मुलीच्या डोळ्यांत पाणी येते आणि ती पुढचे दोन दिवस डिचकीकडे संशयाने बघते. आमच्याकडे अळणीची पळी पितळी आणि तिखटाची स्टीलची असे ठरलेले आहे.

हीच रीत मटकीच्या उसळीला, तुरीच्या आमटीला, घेवड्याच्या आणि दोडक्याच्या रस्साभाजीला, वांग्याच्या भरिताला तशीच लागू होते. कोरड्यासाला, म्हणजे सुक्या भाजीला, थोडा फरक पडतो; तेथे भाजी वाफेवर मऊ झाल्यावर निम्मी बाजूला काढून उरलेलीत चटणी परतावी. भरल्या वांग्यांनी मला बरेच दिवस छळले, कारण तेथे तिखट-मीठ आधीच आत भरलेले असते. शेवटी उपाय सापडला तो देठाचा : कमी मिठाचे सारण भरलेल्या वांग्यांचे देठ पूर्ण ठेवायचे आणि तिखट वांग्यांचे छाटून टाकायचे. एकाच कढईत शिजतात आणि वाढताना ओळखू येतात. झुणका आणि थालीपीठ मात्र या पद्धतीत बसत नाहीत. त्या दिवशी सगळ्यांनाच मध्यम तिखट, कमी मीठ, आणि ज्याला हवे त्याने ताटात चटणी घ्यावी.

सासूबाईंची अडचण

ज्येष्ठ माणसांच्या बाबतीत कृतीपेक्षा मान सांभाळणे कठीण असते. पहिल्या दिवशी डिचकीतली आमटी वाढली तेव्हा सासूबाईंनी वाटी परत सरकवली. “मी काय आजारी हाय व्हय गं, अळणी खायला?” त्यांचेही बरोबर होते. ज्या बाईने चाळीस वर्षे घराला तांबडा रस्सा करून घातला, तिच्यापुढे बाळंतिणीची वाटी ठेवणे हा एक प्रकारे अपमानच होता. मी म्हटले, “आत्ती, अळणी नाही, कारळं घालून बघा तरी.”

कारळ्याच्या चटणीने काम झाले. एक वाटी कारळे मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावे, त्यात सहा-सात लसूण पाकळ्या, चार सुक्या ब्याडगी मिरच्या, एक चमचा जिरे आणि केवळ पाव चमचा मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटावे. मीठ कमी असताना जिभेला जे रिकामेपण वाटते ते भाजल्याचा खमंगपणा आणि आंबटपणा या दोन गोष्टींनी भरून निघते, म्हणून कारळे, जवस, तीळ यांच्या चटण्या आणि लिंबू, कोकम, चिंच, ताक यांपैकी काहीतरी सासूबाईंच्या ताटात रोज असावे. तिसरी गोष्ट म्हणजे वेळ. जीभ कमी मिठाला सरावते, पण त्याला काही आठवडे लागतात. आठवड्याला थोडे थोडे कमी केले तर कोणाच्या लक्षात येत नाही, एकदम निम्मे केले तर घरात बंड होते. लोणच्याची फोड त्यांनी सोडलेली नाही. रोजच्याऐवजी दिवसाआड, एवढ्यावर आमची तडजोड झाली आहे.

शुगरचे ताट भाकरीत वेगळे होते

यजमानांचे कालवण मुलाच्या कालवणाहून वेगळे नसते, फक्त वरचा कट नसतो. त्यांचे ताट वेगळे होते ते भाकरी आणि भात यांच्या मोजमापात. शाळूची, म्हणजे ज्वारीची, भाकरी शुगरवाल्याने कितीही खावी, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. ज्वारीत तंतू चांगले आहेत, १०० ग्रॅममध्ये सुमारे १० ग्रॅम, आणि मैद्याच्या किंवा पांढऱ्या भाताच्या तुलनेत ती केव्हाही बरी; परंतु साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत चाळीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतातच. वर दिलेल्या नमुन्यातले २५० ग्रॅम धान्य म्हणजे सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या भातापर्यंत सगळे मिळून चार भाकऱ्यांएवढेच आहे.

म्हणून एकदा तरी काट्यावर पीठ तोलून भाकरी करावी आणि आपल्या हाताची भाकरी किती ग्रॅमची आहे ते पाहावे. माझी नव्वदची निघाली. आता परातीत साठ ग्रॅमची वाटी ठरलेली आहे. लहान भाकरी थापायला पीठ ताजे लागते. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी कडेने चिरते, त्यामुळे महिन्याचे दळण एकदम आणण्यापेक्षा पंधरा दिवसांचे आणावे आणि पीठ उकळत्या पाण्यात भिजवून चांगले मळावे.

वाढण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी काकडी, मुळा, गाजर किंवा कांद्याची पात असलेली वाटी, मग उसळ किंवा आमटीबरोबर भाकरी, आणि भात शेवटी, एक लहान वाटी किंवा नाहीच. यजमानांनी दोन आठवडे जेवणानंतर दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर तपासून वहीत लिहिली, तेव्हा भाकरी आणि भात दोन्ही पोटभर खाल्लेले दिवस त्यांना स्वतःलाच आकड्यांत दिसले. त्यानंतर मला काही सांगावे लागले नाही. गोळ्या चालू असलेल्यांनी मात्र धान्य एकदम तोडू नये, साखर खाली घसरण्याचा धोका असतो. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आमच्याकडे सणाला आणि रविवारी शिजतो, आणि त्याचा वास सुटल्यावर एक लहान वाटी हा नियम पाळणे त्यांना जड जाते, हे येथे प्रामाणिकपणे नोंदवते.

गुळाविषयी दोन वाक्ये. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरी पेठेत गुळाचा व्यापार वाढला, कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आपल्याला त्याचा अभिमान आहे. तरी रक्तातल्या साखरेला गूळ आणि साखर यांत फारसा भेद कळत नाही. आमटीत गूळ घालायचाच असेल तर तो वाटणीनंतर, मुलांच्या वाटीत.

बाजार आणि पालेभाजी

पाच माणसांना रोज दोन किलो भाजी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मला हसू आले होते. आम्ही तेथे अजून पोहोचलेलो नाही. सव्वा ते दीड किलोवर आहोत. पूर्वी सातशे ग्रॅमवर होतो. वाढ झाली ती मुख्यतः आमटीतून, कारण डाळीत पालेभाजी घालून गरगटा केला की भाजी न खाणारी मुलेही ती खातात. कपिलतीर्थ मंडईत सकाळी लवकर गेले तर आसपासच्या गावांहून आलेली पालेभाजी मिळते. थंडीत मेथी, चाकवत, करडई आणि हरभऱ्याचा पाला, पावसाळ्यात अंबाडी आणि पोकळा, उन्हाळ्यात माठ आणि शेपू असा फेर धरावा. आठवड्यातून चार दिवस पालेभाजी पुरे. निवडण्याचे काम आदल्या संध्याकाळी घरातल्या मोकळ्या हातांना द्यावे.

माझ्या हिमोग्लोबिनसाठी डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्या मी पूर्ण घेतल्या. ताटात बदल केले ते एवढेच की पालेभाजी लोखंडी कढईत केली आणि झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढली, जेवणात लिंबू किंवा आवळा ठेवला, आणि जेवणाला चिकटून घेतला जाणारा चहा तासभर मागे ढकलला, कारण चहा भाजी-धान्यातले लोह अंगी लागू देत नाही आणि क जीवनसत्त्व ते लागायला मदत करते. चहा मागे ढकलणे हे मीठ कमी करण्याहून अवघड होते.

बुधवार, शुक्रवार, रविवार

मटणाच्या दिवशी मूळ रीत आपल्याकडे आहेच, तिला फक्त दोन गोष्टी जोडाव्यात. पाच जणांना पाऊण किलो मटण पुष्कळ होते. ते आदल्या रात्री शिजवून पाणी गाळून फ्रीजमध्ये ठेवले तर सकाळी वर चरबीचा पांढरा थर गोठलेला मिळतो. तो चमच्याने उचलून निम्म्याहून अधिक टाकून द्यावा. चव त्या पाण्यात उतरलेली असते, त्यामुळे रश्श्याचे काही बिघडत नाही. दुसरे म्हणजे, पांढऱ्या रश्श्यात नारळाचे दूध, काजू, खसखस आणि तीळ असतात, म्हणून तो तिखट नसला तरी हलका नाही. तो प्रत्येकाला एक वाटी, आणि पुन्हा वाढताना अळणी. शेजारी कांदा, काकडी, मुळा यांचे मोठे ताट ठेवावे आणि ते रश्श्याच्या आधी फिरवावे.

दुधाच्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध उभ्याने पिण्याची आपली जुनी आवड पैलवानी परंपरेशी जोडलेली आहे हे मान्य करूनही, मुलांना ते देऊ नये असे माझे मत आहे. न तापवलेल्या दुधातून जनावरांचे आजार माणसाला होतात. कट्ट्यावरचेच दूध घरी आणून उकळावे. सासूबाई आणि यजमान यांच्यासाठी साय काढून दही लावावे, आणि काढलेली साय मुलाच्या भाकरीवर जावी.

सुरुवात कशी करावी

सगळे एकाच सोमवारी सुरू करू नये. मोजणीचा पंधरवडा संपल्यावर पहिल्या आठवड्यात फक्त रात्रीच्या आमटीची वाटणी करावी. दुसऱ्या आठवड्यात कारळे-जवसाच्या चटण्या करून ठेवाव्यात. तिसऱ्यात भाकरीचे पीठ तोलावे. चटणीचा टप्पा ज्या वर्षी डंकावर जाल त्या वर्षी येईल. पाहुणे आले, यात्रा आली, लग्नसराई आली की दोन-चार दिवस सगळे विस्कटते. तेवढे दिवस वही बंद ठेवावी आणि पुढच्या पुड्यावर पुन्हा तारीख घालावी.

आमच्याकडे मिठाचा एक पुडा आता अडतीस दिवस जातो. सध्या ओट्यावर असलेल्या पुड्यावरची तारीख सासूबाईंच्या हातची आहे, आणि तिच्याखाली त्यांनी बारीक अक्षरांत लिहिले आहे : ‘यातले दोन वाट्या लोणच्याला गेले.’